आरेवाडीची खेप

शमशेरनं गाडीची मागची सीट दोन्ही हातांनी उचकटून बाहेर काढली, तेव्हा तिच्याखालून एक पेन, लेमनच्या गोळीचा कागद आणि खोबऱ्याचा वाळका तुकडा निघाला. पेन त्यानं सूरजच्या हातात दिलं. खोबऱ्याचा तुकडा जरा वेळ बोटांत फिरवून बघितला आणि डॅशबोर्डवर ठेवला. मग सीट भिंतीला टेकवून तो परत गाडीत शिरला.

थोड्या वेळापूर्वीपर्यंत त्या सीटवर सूरजचे वडील बसले होते. धुतलेलं धोतर, डोक्याला पिवळा पटका, मांडीवर नारळाची पिशवी. आता धुळाआबा गॅरेजबाहेर लिंबाखाली प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले होते आणि पिशवी तशीच मांडीवर होती. आज रविवार, बिरोबाचा वार. आज गाडी पहिल्यांदा आरेवाडीला, बिरोबाच्या बनात जायची होती. आई, भामाबाई, आधीच तिकडं भावाच्या घरी जाऊन राहिली होती. पुरणपोळीचा निवद ती तिथूनच करून बनात आणणार होती. कधी नव्हे ते सगळं जुळून आलं होतं, आणि कृष्णेचा पूल ओलांडून विट्याच्या रस्त्याला लागताच गाडीनं आचके द्यायला सुरुवात केली. कऱ्हाडशेजारच्या मलकापूरला परत येताना दुधाचे कॅन लावलेल्या एका मोटारसायकलनंही त्यांना मागं टाकलं. एरवी ही गोष्ट सूरजनं आयुष्यात सहन केली नसती.

"टाकीतला पंप डुप्लिकेट निघाला, शमशेरभाई," सूरज दारात उभा राहून म्हणाला.

"बघू की," आतून आवाज आला. "उघडल्याबिगर कसं सांगू?"

"इंजिन जाईल पण पंप जाणार न्हाई, असं तुमी म्हणला हुता."

"म्हणलो हुतो. अजून बी म्हणतो."

शमशेरच्या आवाजात राग नव्हता, पण त्यानं पाना जरा जोरातच खाली ठेवला. पंचवीस वर्षं तो डिझेल-पेट्रोल गाड्यांच्या पंपांची कामं करत आला होता आणि मलकापुरात त्याच्या मालाला आजवर कुणी डुप्लिकेट म्हटलं नव्हतं. सूरजला ते ठाऊक होतं. तरी तो बोलून गेला, कारण सकाळपासून कुणावर तरी राग काढायचा होता आणि आबांवर तो काढता येत नव्हता.

सूरजचं मलकापुरात ठिबकचं दुकान होतं. माण तालुक्यातून मेंढरं घेऊन कृष्णाकाठी उतरणाऱ्या धुळाआबांचा मुलगा पाइपा आणि फिल्टर विकायला बसला, याचं आबांना फार कौतुक होतं. गुडघ्यानं दगा दिल्यावर मेंढरं भावकीला देऊन ते आणि भामाबाई सूरजकडं येऊन राहिले. पुढच्याच वर्षी सूरजनं जुनी, पण टर्बोची लाल गाडी घेतली. आबांनी गाडीभोवती एक फेरी मारली, आरशात स्वतःला बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "बनात कवा न्यायची?"

त्यांच्या घरात तसाच रिवाज होता. मेंढरू असो, घोडं असो, कुत्रं असो, बिरोबाच्या दारी नेऊन त्याच्या कपाळाला भंडारा लावायचा आणि चिमूटभर तोंडात घालायचा. हळदीची ती पूड तोंडात गेली की जनावर घरचं झालं. त्याच्या आधी ते नुसतंच दावणीला बांधलेलं असायचं.

"नेऊ की," सूरज म्हणाला होता. "एवढं एक काम हू द्या, आबा. मग निवांत जाऊ."

ते एक काम म्हणजे पुण्याला जाऊन टर्बोची ताकद वाढवून आणणं. ते झालं आणि गाडी वरच्या वेगाला अडखळायला लागली. शमशेरनं तपासून सांगितलं, वाढलेल्या हवेला पेट्रोल पुरत नाही, टाकीतला पंप मोठा घालावा लागेल. पंप मोठा घातला तर इंजिनात पेट्रोल सोडणारे इंजेक्टर अपुरे पडले. ते बदलले, तेव्हा जुन्या रबरी नळ्यांवर भरवसा ठेवण्यात अर्थ नव्हता. प्रत्येक वेळी एखादा रविवार ठरायचा आणि शनिवारी संध्याकाळी सूरज म्हणायचा, "आबा, अर्धवट गाडी देवाला काय दाखवायची? पुढच्या ऐतवारी जाऊ."

तो टाळत नव्हता, हे सांगायला हवं. त्याला खरंच आबांना सगळं काम झालेल्या गाडीतून न्यायचं होतं. ढालगावच्या उघड्या माळावर, जिथून ते आयुष्यभर मेंढरांमागं चालत गेले, तिथं त्यांना शेजारी बसवून गाडी एकदा मोकळी सोडायची आणि त्यांच्या तोंडाकडं बघायचं, हे त्यानं मनात किती वेळा करून पाहिलं होतं. पण गाडीचं काम काही संपत नव्हतं, आणि खरं म्हणजे त्याला ते काम संपायला नकोही होतं.

मधे एकदा आबा त्याच्याबरोबर गॅरेजला आले होते. गाडीचं तोंड उघडं, नळ्या बाहेर, हे बघून त्यांनी शमशेरला विचारलं, "काय आजार हाय हिला?"

"आजार न्हाई, मामा. भूक वाढलीया," शमशेर म्हणाला. "ह्यो टर्बो हाय न्हवं, त्यो वारं कोंबतोय आत. जेवढं वारं, तेवढं पेट्रोल पायजे. वारं लय आन पेट्रोल कमी झालं, तर आतनं जळून जातंय समदं."

आबांनी विचार केला. "म्हंजी तोंड मोठं केलं आन घसा तेवढाच ऱ्हायला."

"बराबर बोललासा. आता घसा मोठा करतोय."

आबा समाधानानं मान हलवत बाहेर गेले. सूरज आणि शमशेर त्यांच्या पाठीमागं हसले होते, वाईट अर्थानं नव्हे. त्यानंतर दुकानातल्या गिऱ्हाइकांना गाडीविषयी सांगताना सूरज आबांचंच वाक्य वापरायचा.

आत्ता खिशातला फोन वाजला. भामाबाईचा होता.

"कुठवर आलायसा रं?"

"निघालोय आई. जरा गाडीचं काम निघालंय. येतोच."

"निवद गार हुतोय."

"येतो म्हणलं न्हवं," सूरज म्हणाला आणि फोन ठेवल्यावर त्याला आपला आवाज चढल्याचं कळलं. तो लिंबाखाली आला. आबांनी वर बघितलं.

"यस्टीनं जाऊ या का?" ते म्हणाले. "कऱ्हाडातनं तासगाव. तासगावात उतारलं की कवठ्याची गाडी धरायची. पुढं वडाप मिळतंय, जीपचं. ऐतवारचं भरून असतंय, पर म्हाताऱ्या माणसाला पुढं बसवत्यात."

सूरजला नवल वाटलं. आबा बनात गेले ते कायम मेंढरांबरोबर चालत, नाहीतर कुणाच्या तरी टेम्पोतून. वडापवाला कुणाला पुढं बसवतो, हे त्यांना कुठून कळलं?

"तुमाला कसं ठावं?"

"ठावं हाय," आबा म्हणाले आणि पिशवीतला नारळ नीट उभा करू लागले.

तेवढ्यात आतून शमशेरची हाक आली. ती नेहमीसारखी मोठी नव्हती. "सूरज, हिकडं ये जरा."

शमशेरनं टाकीवरचं झाकण काढून पंप वर घेतला होता आणि एका ट्रेमध्ये आडवा ठेवला होता. पंपाच्या बुडाला पेट्रोल गाळून घेणारी पांढऱ्या नायलॉनची जाळी असते. ती जाळी आता पांढरी नव्हती. खालपासून वरपर्यंत पिवळा चिखल तिला थापल्यासारखा बसला होता, आणि ट्रेमध्ये निथळलेलं पेट्रोलही पिवळसर दिसत होतं.

"पेट्रोलच भेसळीचं भरलंय कुणीतरी," सूरज म्हणाला. "म्हणून दाब येत न्हाई."

"भेसळीचं?" शमशेरनं जाळीवर बोट फिरवलं, अंगठ्यानं चोळलं आणि बोट सूरजच्या पुढं धरलं. बोटाच्या रेषांमधे पिवळा रंग उतरला होता. "पेट्रोलात हळद कोण मिसळतंय रं?"

सूरज त्या बोटाकडं बघत राहिला. त्याला कळलं होतं, आणि कळू नये असंही वाटत होतं. शमशेरनं एकदा बाहेर, लिंबाकडं नजर टाकली आणि जाळीवर घाईनं फडकं टाकलं. पण आबा खुर्चीत नव्हते. ते दारात येऊन उभे होते.

"मी घातला," आबा म्हणाले.

मग त्यांनी पुढं सांगितलं. "सीटखालचं हँडल वडलं की मागलं झाकाण उघडतंय. पेट्रोल भरताना बघितलं हुतं तुला. तू दुकानात गेलावतास तवा घातला."

"किती घातला, मामा?" शमशेरनं विचारलं.

"जनावराला चिमूट घालत्यात. हिचा घसा मोठा करतोय म्हणला हुतास तू, म्हणून मूठ घातली. मागनं आनि येक घातली."

शमशेर खाली वाकला आणि नसलेलं काहीतरी शोधू लागला. सूरजचा मात्र संताप झाला. एवढी खटपट, एवढे महिने, आणि हे.

"आबा, आवं टाकी हाय ती पेट्रोलची. तोंड न्हवं," तो म्हणाला. "लावायचाच हुता तर वर लावायचा. बॉनेटवर. कपाळाला लावत्यात तसा."

"वर लावला हुता की."

आबांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. विचारलं म्हणून ते सांगत होते.

"वरचा तू पुसतूस. म्हणून आत घातला."

सूरजला ती संध्याकाळ आठवली. सांगलीहून गाडीवर कोटिंग करून आणलं होतं, काचेसारखं, महागाचं. दुकानातून घरी आला तर बॉनेटच्या मधोमध तेलात कालवलेल्या भंडाऱ्याची पाच बोटं उमटलेली. त्यानं विचारही केला नव्हता. डिकीतलं मऊ फडकं काढलं आणि एका हातानं पुसता पुसता म्हणाला होता, "आबा, ह्येच्यावर काय लावत जाऊ नका. डाग पडतोय." आबा पायरीवर बसले होते. "बरं," म्हणाले होते. भंडारा आला कुठून, हे सूरजनं तेव्हा विचारलं नव्हतं. घरात असतोच, असं त्याला वाटलं होतं.

"कुठनं आणला हुता?" त्यानं आता विचारलं.

"बनातनं."

"यस्टीनं?"

"मग काय उडत जातोय?"

जाणं रद्द झालेल्या रविवारी आबा सकाळीच बाहेर पडायचे. कऱ्हाडला पाव्हण्याकडं जातो म्हणायचे. संध्याकाळी परत आले की गुडघ्याला तेल चोळत बसायचे, आणि सूरजची बायको माया म्हणायची, कशाला हिंडता आबा एवढं. सूरज त्या वेळी बहुतेक गॅरेजमधे असायचा. डॅशबोर्डवरच्या खोबऱ्याच्या तुकड्याकडं त्यानं पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. आपण आपल्या बापाला वर्षभर लाज वाटावी असं वागवलं, आणि त्यांना ते कळलंसुद्धा नाही, की कळूनही त्यांनी ते मनावर घेतलं नाही, हे त्याला ठरवता येईना. दोन्हींपैकी काहीही खरं असलं तरी त्याचं त्यालाच वाईट वाटणार होतं.

आबा ट्रेपाशी आले होते. "धुवायलाच लागंल का रं, शमशेर?"

"व्हय, मामा. टाकी बी रिकामी करायला लागंल."

"वतनार कुठं?"

शमशेरला प्रश्न कळायला थोडा वेळ लागला. मग तो उभा राहिला. "वतत न्हाई. गाळून घेतो. भंडारा येगळा काढून ठिवतो."

"तेवढं बघ. पायाखाली येऊ देऊ नगंस," आबा म्हणाले आणि पिशवी उचलून निघाले. "भामा वाट बघत बसली आसंल. म्या जातो फुडं."

"थांबा, मी येतो," सूरज म्हणाला. "आपण दोघं जाऊ यस्टीनं."

आबांनी त्याला हातानंच थांबवलं. "तू हितं ऱ्हा. जनावर आजारी असल्यावर मालकानं जवळ असावं."

कुठल्याही मेंढक्याला सांगावं तसं त्यांनी ते सांगितलं. त्यात टोमणा असता तर सूरजला बरं वाटलं असतं, काहीतरी उलट बोलता आलं असतं. शमशेरला मदतीची गरज नव्हती. एस.टी.त जागा नसती तर उभं राहून जाता आलं असतं. हे सगळं त्याला त्या क्षणीही समजत होतं. तरी त्यानं केलं काय, तर रस्त्यावर जाऊन रिक्षा थांबवली, आबांना आत बसवलं, रिक्षावाल्याला स्टँडच्या आत नेऊन सोडायला सांगितलं, आणि रिक्षा वळणाआड गेल्यावर परत गॅरेजमधे आला.

दुपारभर दोघं टाकीपाशी राबले. फरीदानं, शमशेरच्या बायकोनं, घरातून धुतलेलं मलमलचं फडकं दिलं. शमशेरनं टाकीतलं पेट्रोल त्यातून थोडं थोडं गाळलं आणि फडक्यावर राहिलेला पिवळा गाळ वर्तमानपत्रावर पसरून पत्र्याच्या छपरावर उन्हात ठेवला. पंप धुतला, नवी जाळी लावली, नळ्यांतून हवा मारली. जेवणाचा डबा आला तो त्यानं सूरजच्या पुढं सरकवला.

"पंप चांगला हाय," तो म्हणाला.

"मी डुप्लिकेट म्हणलो."

"म्हणलास," शमशेर म्हणाला आणि भाकरीचा अर्धा तुकडा त्याच्या हातात दिला.

उन्हं कलायला लागली तेव्हा गाडी सुरू झाली. सूरज एकटाच तिला हायवेवर घेऊन गेला. मागची सीट अजून भिंतीपाशीच होती, त्यामुळं आतला आवाज उघड्या घरातल्यासारखा येत होता. कऱ्हाड मागं पडल्यावर त्यानं पाय दाबला. टर्बोची शीळ चढत गेली आणि गाडी कुठंही न अडखळता, एका दमात सुटली. इतकी मोकळी ती आजवर कधीच पळाली नव्हती. वर्षभर ज्याच्यामागं तो लागला होता ते हेच होतं. उंब्रजच्या अलीकडं त्यानं गाडी वळवली आणि सावकाश परत आणली.

गॅरेजमधे पाऊल ठेवतो तोच आईचा फोन आला.

"आई, गाडी झाली बघ. मी निघतोय आत्ता. आबा पोचलं का?"

"कवाच. निवद दावला, जेवलो बी. आता परतीच्या वडापात बसतोय आमी."

"थांबा की तिथंच. अंधार पडायच्या आत येतो. गाडीचा नारळ फोडायचाय न्हवं?"

"फोडला की ह्येंनी. गाडीच्या नावानं." पलीकडं वडापवाला कुणाला तरी सरकून बसायला सांगत होता. "पुजारी हासत हुता. म्हाताऱ्यानं ह्या गाडीचा नारळ ह्येच्या आदी बी फोडलाय, म्हणला. एका गाडीचं किती नारळ. तू आता एवढ्या लांब येऊ नगंस रं. झालं समदं."

फोन बंद झाला. शमशेरनं छपरावरचा कागद उतरवला, वाळलेला भंडारा एका पुडीत बांधला आणि सूरजच्या हातात दिला. मग तो सीट बसवायला गाडीत शिरला आणि मुद्दामच बराच वेळ बाहेर आला नाही.

सूरजनं पुडी उघडली. रंग अजून तसाच होता, वास मात्र पेट्रोलचा येत होता. त्यानं चिमूट घेतली आणि बॉनेटच्या मधोमध लावली. कोरडा भंडारा गुळगुळीत पत्र्यावरून घसरला. त्यानं पिंपातल्या पाण्यात बोटं बुडवली, पुडीतला भंडारा त्यांना लावला आणि पाचही बोटं दाबून ओढली. पाणी लगेच थेंब थेंब झालं आणि पिवळं होऊन उताराला लागलं. कोटिंग करून देणाऱ्यानं दाखवलं होतं अगदी तसंच. ह्याच्यावर काहीही टिकणार नाही, असं त्यानं खात्रीनं सांगितलं होतं, आणि सूरजनं ते आबांना बोलावून कौतुकानं दाखवलं होतं.

थेंब बॉनेटच्या कडेला आले. खाली गॅरेजची ऑइलनं काळी झालेली जमीन होती. सूरज पटकन गुडघ्यावर बसला आणि त्यानं दोन्ही हातांची ओंजळ खाली धरली.